क्षमाबाईंच्या दोन पागोळ्या

आमच्या शाळेत सतरा मुलं, दोन शिक्षक आणि एक वेळापत्रक. त्यातलं वेळापत्रक माझं. लाल-निळ्या शाईनं, पट्टी लावून मी ते स्वतः आखलं. पिरनवाडीला आमच्या घराशेजारी देवांच्या तसबिरी करणारा एक जण आहे, त्याच्याकडून काचेच्या चौकटीत बसवून घेतलं, आणि मोटारसायकलच्या टाकीवर आडवं धरून, जांबोटीच्या रस्त्यातले सगळे खड्डे मोजत, काच न फुटू देता शाळेत आणलं. सोमवार : पहिला तास मराठी, दुसरा गणित, तिसरा कन्नड. हेडमास्तर म्हणून एवढी एकच गोष्ट मी मन लावून केली होती.

मग क्षमाबाई आल्या.

आज त्या खिळ्याला पावसाचा तक्ता लटकतो. वेळापत्रक त्याच्या मागं आहे. काच अजून शाबूत आहे, एवढंच मी सांगेन.

क्षमा मगदूम. गाव सदलगा. तिकडं दूधगंगेच्या काठाला सगळी सपाटी. दारात उभं राहिलं की उद्या येणारा पाव्हणा आजच दिसतो. जैन शेतकऱ्याची मुलगी. घरात कन्नड, दारात मराठी, आणि राग आला की दोन्ही. बदली झाली ती आमच्या सातेरीवाडीला. सातेरीवाडी म्हणजे जांबोटीच्याही पुढं, जंगलातल्या खिंडीत बसलेली तीस-पस्तीस घरं. बस दिवसातून दोनदा येते, पावसाळ्यात ड्रायव्हरच्या मनात असेल तेव्हा. त्या बसमधून बाई उतरल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक ट्रंक, एक तांब्याची कळशी आणि घडी घातलेलं पांढरं स्वच्छ फडकं होतं. मी मनात म्हटलं, ही बाई गणपतीपर्यंत टिकली तर लई झालं. माझ्या आधीच्या तीन अंदाजांसारखा हाही चुकला. हा त्यांचा इथला तिसरा पावसाळा.

राहायला त्यांना नागुबाईंच्या घरची पुढची खोली मिळाली. नागुबाई गावातली सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत आधी बातमी कळणारी बाई. चौथ्याच दिवशी ती शाळेच्या दारात हजर.

"गुरुजी, तुमची बाई हिरीला पाणी पाजतीया."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पाणी वडती, फडक्यानं गाळती, कळशी भरती. मग ते फडकं उलटं करून धुती आणि ते पाणी तांब्यात घालून, दोरीनं, हळूऽऽ हिरीत सोडती. वरनं वतत न्हाय. तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसं ठेवती. काय करणी-बिरणी न्हाय न्हवं?"

बाई वर्गातूनच हसल्या. "आजी, करणी न्हाय वो. फडक्यावर बारीक जीव राहतात, डोळ्याला दिसत न्हाईत. त्याला आमच्यात जिवाणी म्हणतात. ज्या पाण्यातनं आले त्याच पाण्यात त्यांना परत सोडायचं. दुसऱ्या पाण्यात गेले तर जगत न्हाईत."

"आणि वरनं टाकलं तर?"

"एवढ्या उंचावरनं तुम्हाला कुणी टाकलं तर?"

नागुबाईंनी जरा विचार केला. "माझ्या सासूनं टाकलं असतं," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली.

आता बाईंच्या शिकवण्याविषयी. सदलग्यासारख्या गावातून आलेल्या माणसाला आमचा पाऊस म्हणजे चमत्कारच. पहिल्या जुलैत त्या पंधरा दिवस नुसत्या खिडकीत उभ्या होत्या. "सर, आमच्याकडं वर्षाला पडतोय तेवढा हितं पंधरवड्यात पडला," असं त्यांनी मला मोठ्या गुन्ह्याची खबर द्यावी तसं सांगितलं. सोळाव्या दिवशी सरबताच्या बाटलीचा गळा कापून ती अंगणात पुरली, तिला पट्टी चिकटवली, आणि तिथून माझ्या वेळापत्रकाचं ग्रहमान फिरलं.

गणिताच्या तासाला पोरं बाटली मोजू लागली. काल किती, आज किती, आठवड्याची सरासरी किती. मराठीच्या तासाला प्रत्येकानं थेंब होऊन समुद्राला पत्र लिहायचं. 'तीर्थरूप समुद्रास साष्टांग नमस्कार. मी इकडे पानावर सुखरूप आहे.' कन्नडच्या तासाला मोड म्हणजे ढग, मळे म्हणजे पाऊस, होळे म्हणजे नदी, आणि त्यांची गोष्ट. इतिहासाला नागुबाई. शाळेपुढची विहीर तिच्या सासूच्या वेळी गावानं दोन उन्हाळे खपून कशी खणली, ते तिनं सांगायचं आणि पोरांनी लिहून घ्यायचं. कवायतीच्या तासाला सगळं अंगण समुद्र. पोरं आधी खाली बसलेली, मग वाफ होऊन हात वर करत उठायची, मग थंडी वाजून एकमेकांना चिकटायची, म्हणजे ढग, आणि शिट्टी वाजली की पाऊस होऊन धपाधप खाली. या खेळात सूर्य मी.

"मला का सूर्य केलं?" मी विचारलं.

"सूर्याला काही करायचं नसतंय, सर," बाई म्हणाल्या. "एका जागेला बसून राहायचं."

एकूण माझी निवड गुणांवरच झाली होती.

मी सुरुवातीला कुरकुर केली, खोटं कशाला सांगू? गणिताचा तास घागरीत बुडाला, असं मी बाजारात दोघा-तिघांना सांगितलंसुद्धा. पण एके दिवशी पाचवीतला ओमकार, जो भागाकार दिसला की पोटात दुखतंय म्हणायचा, तो छपराखाली बसून सरासरी काढत होता. त्याला कुणी काढायला सांगितलेलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाला, "गुरुजी, जरा थांबा, काल रातचा पाऊस मिळवायचा ऱ्हायलाय." त्या दिवसापासून मी कुरकुर हळू आवाजात करू लागलो.

खरी भानगड उपटली ती घागरींच्या तक्त्यावरून. कुणाच्या घरी दिवसाला किती घागरी पाणी लागतं आणि कोण आणतं, हे पोरांनी लिहून आणायचं होतं. आईच्या रकान्यात आकडे, आजीच्या रकान्यात आकडे, बहिणीच्या रकान्यात आकडे. बाबांच्या रकान्यात सतरापैकी सोळा घरांत शून्य. तक्ता भिंतीवर लागला. ओमकार दुसऱ्या दिवसापासून कळशी घेऊन पाण्याला जाऊ लागला, आणि त्याचे वडील तक्रार घेऊन खानापुरात शिक्षण खात्याच्या साहेबांकडं गेले. "शाळेत शिकवत न्हाईत, घरातलं शून्य भिंतीवर लावत्यात."

साहेब यंदाच्या जुलैच्या अखेरीला आले. माणूस सौंदत्तीकडचा, उंच, कमी बोलणारा. मराठी बोलताना प्रत्येक शब्द आधी तपासून बाहेर काढणारा. त्यांनी मराठीचं पुस्तक मागितलं, त्यात पावसाचा तक्ता निघाला. गणिताची वही मागितली, त्यात समुद्राला पत्र निघालं.

"एनु टीचर, हे काय? सगळ्यात नीरु, नीरु, नीरु. पिरियड कुठं आहे?"

मी भिंतीकडं बोट करणार होतो, पण तक्ता आडवा आला.

बाईंनी शांतपणे सांगितलं, "सर, पुस्तकातलं काही सोडलेलं न्हाई. पाण्याला धरून सगळं शिकवतेय. महिना द्या. मुलं स्वतः सांगतील."

साहेबांनी डायरी काढली. "पुढच्या महिन्याचा शेवटचा सोमवार. मी येतो. मुलांनी तुमचं पाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर सांगितलं, तर चालू ठेवा. एक चूक निघाली, तर दुसऱ्या दिवसापासून टैमटेबल. नाही तर मी तुमची नेमणूक दुसरीकडं लावतो, तिथं पिरियड असतील."

गाडी गेली. पोरं दारात दाटीनं उभी होती. सौम्या, नागुबाईंची नात, चौथीतली, तिनं विचारलं, "बाई, तुम्हाला घेऊन जाणार व्हय?"

"एक चूक निघाली तर," बाई म्हणाल्या. "म्हणून चूक काढायची न्हाई."

मग महिनाभर मॉडेल चाललं. शाळेतला मोडका फळा पश्चिमेच्या भिंतीला लागून बाकांवर आडवा टाकला. त्यावर लाल मातीचे डोंगर, शेवाळाचं जंगल, काड्यापेटीची शाळा, तिच्यावर पुठ्ठ्याची कौलं. फळ्याच्या एका बाजूला खाली दोन विटा, म्हणजे उतार पूर्वेला. शाळेवर तांब्यानं पाऊस पाडायचा, की पाणी अंगणातून भातशेतात, भातशेतातून मलप्रभेत, मलप्रभेतून कृष्णेत आणि कृष्णेतून सरळ पलीकडं ठेवलेल्या स्वयंपाकघरातल्या परातीत, म्हणजे बंगालच्या उपसागरात. परातीवर सूर्य, म्हणजे विजेचा दिवा, म्हणजे आमच्याकडं वीज असेल तेव्हा. पाणी परातीत पोचलं की सतरा पोरं एका सुरात ओरडायची. मी अठरावा.

सोमवार चार दिवसांवर आला. गुरुवारी दुपारी नागुबाई मॉडेल बघायला आली. सौम्यानं मोठ्या तोऱ्यात तांब्या तिच्या हातात दिला. "आज्जे, वत."

नागुबाईंनी ओतलं. पाणी शाळेच्या छपरावर पडलं, पुढून वाहिलं, मागून वळसा घेऊन पुढं आलं, परातीत गेलं. पोरं ओरडली. नागुबाई मात्र वाकून शाळेच्या मागच्या बाजूला बघत राहिली.

"ह्ये मागचं पाणी पुढं कसं आलं?"

"सगळं पाणी मलप्रभेलाच जातं, आजी," बाई म्हणाल्या.

"पुढचं जातंय. मागच्या व्हाळाचं कुठलं? ते गोव्याकडं जातंय की. माझं म्हायेर खाली घाटात, त्याच पाण्यावर. लग्नाच्या वर्षी हितं धुताना माझी चोळी व्हावून गेलती. चार दिसांनी माझ्या आईला खाली घावली, खडकाला अडकलेली. आई म्हणाली, बघा, पोरीला सासरी धुणंबी धड जमंना."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. तांब्या खाली ठेवून त्या मागच्या दाराशी गेल्या आणि बाहेर धो धो वाहणाऱ्या त्या ओढ्याकडं बघत उभ्या राहिल्या. चूक समजण्यासारखी होती. सदलग्याच्या माणसाला पाणी पूर्वेलाच जातं हे जन्मापासून ठाऊक. तिकडं दुसरीकडं जायची कुठल्या नदीची टाप आहे?

पोरं घरी गेल्यावर मी म्हटलं, "बाई, साहेब सौंदत्तीचे. त्यांना काय कळणार आपल्या मागच्या व्हाळाचं? सोमवार जाऊ दे. मंगळवारी दुरुस्त करू."

"सोमवारी खोटं सांगायचं आणि मंगळवारी खरं?" बाई म्हणाल्या. "मग बुधवारी मुलांनी त्यातलं कुठलं धरायचं?"

"पण तुमची नेमणूक..."

"आधी बघून तर येऊ, सर. आजींची चोळी खरी का माझा फळा खरा."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. चौथी-पाचवीची सहा पोरं, बाई, मी आणि वाट दाखवायला गुराखी भरमू. भरमूचं वय साठ, बोलणं दिवसाला साठ शब्द. व्हाळाच्या काठाकाठानं, जंगलातून, पावसात. दहाव्या मिनिटाला जळवा लागल्या. भरमूनं कनवटीचा चुना-तंबाखू काढला.

"बाई, पाय हिकडं करा. चुना लावला की मरून पडती."

"नको, नको! राहू दे."

"राहू दे? रगत पितीया ती!"

"पोट भरलं की आपणच पडते, मामा. किती पिणार आहे एवढी?"

भरमूनं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं. बाई पिंढरीवर जळू घेऊन पुढचा कोस चालल्या, मध्येच खाली बघून "अजून न्हाई भरलं" म्हणत. भरमूनं त्या दिवशी साठ शब्दांची मर्यादा ओलांडली. त्याची म्हस गेल्या वर्षी याच व्हाळानं उतरून गोव्याच्या अंगाला कशी गेलती, तिला आणायला तो दोन दिवस कसा हिंडला, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "म्हस मी मारतबडवत आणली. तुमची जळू मातर तुमी लेकीवाणी आणलीसा."

मग झाडी संपली. पुढं जमीनच नव्हती. आमचा मागचा व्हाळ, पोरं ज्यात पाटी धुतात तो, तिथं कड्यावरून पांढराशुभ्र होऊन खाली उडी घेत होता. धुकं क्षणभर फाटलं, आणि खाली, लांब, मावळतीकडं जाणारी हिरवी दरी दिसली. गोव्याच्या म्हादई नदीचा मुलूख. बाईंनी आम्हाला कड्यापासून वीस पावलं मागं धरलं होतं, तरी सगळ्यांचे पाय आपोआप आणखी दोन पावलं मागं सरकले.

"हे अरबी समुद्राला जातं," सौम्या हळूच म्हणाली. "आणि पुढचं तिकडं. मग बाई, मधी कोण हाय?"

हा प्रश्न मी बावीस वर्षांच्या नोकरीत कुणाला विचारला नव्हता. मला कुणी विचारलाही नव्हता.

परत आल्यावर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी भरमूनं कुठूनशी आणली. ओमकारनं एक टोक धरलं, सौम्यानं दुसरं, आणि पाण्याच्या रेघा जुळवत पोरांनी खिंडीची उंची चढत चढत मापली. पुढं उतार, मागं उतार. सगळ्यांत उंच जागा निघाली ती आमच्या शाळेच्या मधोमध, बरोबर आढ्याखाली. पुढच्या पागोळ्या पडतात त्या मलप्रभेला, मागच्या पागोळ्या पडतात त्या म्हादईला. बावीस वर्षं मी त्या छपराखाली बसतो. कौलं गळतात, एवढंच मला त्याच्याविषयी माहीत होतं.

पोरं नाचत होती. बाई मात्र पायरीवर बसल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सर," त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात विहीर गढूळ होते. म्हणून मी पाणी मागच्या झऱ्याचं आणते."

"सगळं गाव आणतंय."

"पण जिवाणी सोडते विहिरीत. झऱ्याची वाट निसरडी, आणि विहिरीत दोरीनं हळू सोडता येतं. मला वाटलं, पाणी एकच. दोन पावसाळे सोडलं. हा तिसरा."

मला समजायला जरा वेळ लागला. मग समजलं, आणि मला हसू आवरेना. "म्हणजे बाई, तुम्ही गोव्याचे जीव बंगालला पाठवले!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. माझं हसू जागच्या जागी विरलं. मॉडेलमधली चूक त्यांनी अशी मनाला लावून घेतली नव्हती. ती फार तर बदलीची चूक. ही आईनं हातात फडकं दिल्या दिवसापासूनची.

नागुबाई तिथंच होती. तिनं बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे गं बाई. समुद्रात गेलं, वाफ झाली, ढग झाला, की येतील परत आपल्या आपण. तूच शिकवलंयस न्हवं?"

बाईंनी डोळे पुसले. "आजी, तसं न्हाई होत. वाफ फक्त पाण्याची होते. जीव ढगात जात न्हाईत."

काय म्हणावं या बाईला? स्वतःच्या समाधानासाठीसुद्धा धडा चुकीचा होऊ द्यायला तयार नाही. मी त्या क्षणी ठरवलं की सोमवारी काहीही होवो, आपण या बाईच्या बाजूला. अठराव्या आवाजानं नव्हे, हेडमास्तर म्हणून.

रविवारी मी शाळेत गेलो. हे वाक्य मी मुद्दाम स्वतंत्र लिहितो आहे. घरी बायकोनं दोनदा सांगितलं, "अवो, आज रविवार हाय." बाईंनी त्या दिवशी एकाशन केलं होतं, एक वेळचंच जेवण, आणि तरी सकाळपासून चिखलात हात घालून बसल्या होत्या. फळ्याखालच्या विटा निघाल्या, त्या आता मधोमध गेल्या. उतार दोन झाले. पण एक अडचण आली : फळा पश्चिमेच्या भिंतीला चिकटलेला, अरबी समुद्राला जागाच नाही. फळा ओढून घेतला, तर मध्ये माझं टेबल.

"गुरुजी, तुमचं टेबल काढाय पाहिजे," ओमकार म्हणाला. "समुद्र यायचा हाय."

टेबल बाहेर पडवीत गेलं. तिथंच ते अजून आहे. पडवीत बसणारा हेडमास्तर तालुक्यात मी एकटाच असेन, पण समुद्रासाठी उठलेलाही मी एकटाच.

सोमवारी साहेब आले तेव्हा पाऊस असा होता, की जीपमधून शाळेच्या दारापर्यंत येताना त्यांची छत्री दोनदा उलटी झाली. सतरा पोरं आणि त्यांच्या मागं निम्मं गाव. ओमकारचे वडीलही एका कोपऱ्यात. साहेब बसायच्या आतच क्षमाबाई पुढं झाल्या.

"सर, आधी मला सांगायचंय. तुम्ही गेल्या वेळी आला तेव्हा मी मुलांना चुकीचं शिकवत होते. तीन वर्षं चुकीचं शिकवलं. सगळं पाणी पूर्वेला जातं म्हणून सांगितलं. ते खरं न्हाई."

साहेबांची भुवई वर गेली. एक चूक, ते म्हणाले होते. इथं बाईंनी पहिल्या वाक्यात ती तबकात ठेवून समोर आणली. मला घसा साफ करून काहीतरी बोलायचं होतं, शनिवारी ठरवलंच होतं तसं. घसा साफ झाला. तेवढ्यात सौम्या उठली.

"सर, बाईंची चूक आज्जीनं काढली. आणि बरोबर काय ते आम्ही शोधलंय. दाखवू?"

तिनं परवानगीची वाट बघितली नाही. साहेबांचं बोट धरून त्यांना थेट बाहेर नेलं. ती पुढच्या पागोळीखाली तांब्या घेऊन उभी राहिली, ओमकार धावत मागच्या पागोळीखाली. साहेब छत्री घेऊन शाळेच्या बगलेला, बरोबर मध्ये. त्या पावसात पोरांनी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. काल पाऊस किती मिलिमीटर पडला. नळीनं उंची कशी मापली. विहीर कुणी खणली. घागरी कोण आणतं. ढगाला आपल्यात काय म्हणतात आणि साहेबांच्या घरी काय म्हणतात. मग ओमकारनं पलीकडून आवाज दिला, "सर, तुमचं गाव कुठलं?"

"सौंदत्ती."

"मग सौम्याचं पाणी तुमच्याकडं येतंय. मलप्रभेतनं, धरणात. तुम्ही ल्हान हुता तवा जे पाणी पेलाय, ते आमच्या पुढच्या कौलावरनं गेल्यालं."

साहेबांनी वर बघितलं. कौलांकडं, मग सौम्याच्या भरत आलेल्या तांब्याकडं. मग म्हणाले, "नम्म नीरु." आमचं पाणी. आणि जरा थांबून, "आणि मागचं?"

"ते गोव्याला, सर," ओमकार म्हणाला. "त्याचं तुम्हाला काय न्हाय."

सगळं गाव हसलं. ओमकारचे वडील आधी इकडंतिकडं बघून मग हसले, सगळ्यांत मोठ्यानं. साहेब हसले नाहीत, पण मी त्यांच्याकडं नीट बघत होतो. त्यांनी हातातली छत्री हळूच, कुणाच्या लक्षात येऊ नये अशी, पुढच्या अंगाला कलती केली.

आत येऊन त्यांनी मॉडेलवर स्वतः तांब्या ओतला. अर्धं पाणी परातीत, अर्धं पश्चिमेच्या भिंतीशी ठेवलेल्या घमेल्यात, म्हणजे अरबी समुद्रात. मग भेटीच्या वहीत कन्नडमध्ये बराच वेळ लिहीत बसले. मला कन्नड येतं, पण मी मुद्दाम वही बाईंच्या हातात दिली. त्यांनी मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं. 'या शाळेत मला तास दिसले नाहीत. शिक्षिकेनं स्वतःची चूक मुलांसमोर सांगितली व मुलांनी ती दुरुस्त केली. शिकवण्याची ही पद्धत चालू ठेवावी. मुख्याध्यापकांना टेबलासाठी जागा करून द्यावी.'

शेवटच्या ओळीची अंमलबजावणी अजून झालेली नाही.

साहेबांची जीप गेल्यावर बाई घरी गेल्या, आणि थोड्या वेळानं जिवाणीचा तांब्या घेऊन मागच्या वाटेला लागल्या. ती निसरडी, जळवांची वाट. सूर्य मावळायच्या आत त्यांना जेवण आटपायचं होतं, म्हणून पाय उचलून चालल्या होत्या. मागून सौम्या, तिच्या मागून ओमकार, आणि बघता बघता सगळी शाळा. झऱ्याशी बाई गुडघ्यावर बसल्या, तांब्या पाण्याला टेकवला आणि हळू, तान्ह्या पोराला ठेवावं तसा, तिरका केला. भरमू कडेला उभा होता. त्यानं डोक्यावरचं इरलं काढून हातात घेतलं.

आता रोज सकाळी झऱ्याच्या वाटेवर बाईंच्या आधी कुणीतरी पोर जाऊन ओल्या दगडांवरचं शेवाळ खरवडून ठेवतं. विचारलं तर सांगतात, "आमी न्हाय, गुरुजी." सतराही जण हेच सांगतात.

बेळगावात शिक्षकांच्या बैठकीला गेलो की माझ्या ओळखीचे मास्तर आपापल्या शाळेच्या नव्या इमारतींचं, संगणकांचं सांगतात. मी चहा संपेपर्यंत ऐकून घेतो. मग म्हणतो, आमची शाळा दोन समुद्रांना पाणी देते. आणि ते कसं, हे आमच्या मगदूम टीचरनी चुकून दाखवलं. मग मी पुढचा अर्धा तास बोलतो. माझ्या बाजूच्या खुर्च्या हल्ली लवकर रिकाम्या होतात. माझी हरकत नाही.

परवाची गोष्ट. पिरनवाडीहून निघालो तो वाटभर मुसळधार. शाळेत पोचलो, मागच्या दारानं आत शिरलो, रेनकोट काढला आणि झटकणार, तेवढ्यात सौम्या ओरडली.

"गुरुजी! तिथं नगा झटकू!"

"का गं?"

"तुम्ही जांबोटीकडनं आलाय. तुमच्या अंगावरचं पाणी पुढचं हाय."

मी क्षमाबाईंकडं बघितलं. त्या फळ्याकडं तोंड करून सरासरी लिहीत होत्या. खांदे तेवढे हलत होते. मी रेनकोट पुन्हा अंगात घातला, भर पावसात शाळेला वळसा घालून पुढच्या अंगणात गेलो, आणि मलप्रभेचं पाणी मलप्रभेत झटकून आलो.